गडगडाटी वादळाचे रडार-निरीक्षण

विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, थोड्या वेळात पडणारा जोरदार पाऊस आणि प्रसंगी गारा यांसह गर्जन्मेघातून उद्‌भवणाऱ्या अल्पजीवी वादळास गडगडाटी वादळ म्हणतात. अशा वादळाकडे रेडिओतरंगांचे स्पंद पाठवून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून त्याचे स्थान, उंची, तीव्रता, अंतर्गत वारे व पुढील वाटचाल ठरविणे म्हणजे त्याचे रडार-निरीक्षण होय. महाराष्ट्रात मार्चपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत पडणाऱ्या अशा पावसास वळवाचा पाऊस किंवा वळीव म्हणतात. एका वादळाचा विस्तार बहुधा ५ ते २० किमी. आणि आयुष्य तास-दीड तासाचे असते. पर्जन्यमापक केंद्रे परस्परांपासून दूर असल्याने पुष्कळ वादळे दोन केंद्रांच्या मधूनच निघून जातात व त्यांची नोंद होत नाही. संपूर्ण वादळ अल्पावधीत उभे-आडवे तपासू शकणारे साधन म्हणून रडारचे महत्त्व आहे.

वादळाची उत्पत्ती व रचना : गडगडाटी वादळास तीन गोष्टी लागतात : जमिनीलगत पुरेशी आर्द्रता, उंचीनुसार झपाट्याने घटणारे तापमान आणि हवा वर ढकलणारे एखादे कारण. नाशिक परिसरात उन्हाळ्यात या तिन्ही गोष्टी वारंवार एकत्र येतात. दुपारी तापमान ४०° से. च्या आसपास गेले म्हणजे पठारावरील हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. त्याच सुमारास अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा कसारा घाटासारख्या खिंडींतून व सह्याद्रीच्या उतारांवरून पठारावर चढते आणि वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या, तप्त हवेस मिळते. या दोन प्रवाहांच्या अभिसरणरेषेवर हवा वर उचलली जाते. वर गेलेल्या बाष्पाचे सांद्रीभवन होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा अधिक हलकी होऊन आणखी वर जाते व राशिमेघाचा गर्जन्मेघ बनतो. त्याचा माथा १२ ते १६ किमी. उंचीपर्यंत जाऊ शकतो.

वादळाचे मूलघटक म्हणजे मेघकोशिका होत. प्रत्येक कोशिकेच्या आयुष्यात तीन अवस्था असतात. वाढीच्या अवस्थेत तिच्यात केवळ ऊर्ध्वप्रवाह असतो. प्रौढावस्थेत ऊर्ध्वप्रवाहाशेजारी पावसाबरोबर खाली येणारा थंड अधोप्रवाह निर्माण होतो. वीज, गारा व मुसळधार पाऊस याच अवस्थेत आढळतात. अखेरच्या अवस्थेत अधोप्रवाहाने कोशिका व्यापली जाते, बाष्पाचा पुरवठा तुटतो व ती विरते. हे सर्व बहुधा ३० ते ६० मिनिटांत घडते. अमेरिकेत फ्लॉरिडा व ओहायओ या राज्यांत १९४६-४७ मध्ये विमाने व रडार यांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीवरून एच्. आर्. बायर्स व आर्. आर्. ब्रॅहॅम यांनी हे वर्णन सिद्ध केले (१९४९). जमिनीवर पोहोचलेली थंड हवा चोहोबाजूंना पसरते. तिच्या आघाडीस झोताग्र म्हणतात. पाऊस येण्यापूर्वी अचानक सुटणारा गार वारा व धुळीचा लोट हे याच झोताग्राचे लक्षण होय. झोताग्र पुढची उष्ण, दमट हवा वर उचलते व त्यातून नवी कोशिका जन्मते. म्हणून एक कोशिका विरली, तरी वादळ चालू राहू शकते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी वापरलेल्या रडारच्या पडद्यावर पावसाचे प्रतिध्वनी उमटून व्यत्यय आणीत. युद्धोत्तर काळात हा व्यत्ययच अभ्यासाचा विषय बनला. कॅनडात जे. एस्. मार्शल व डब्ल्यू. एम्. पामर यांनी पावसातील थेंबांच्या आकारमानांचे वितरण १९४८ मध्ये मांडले व त्यामुळे प्रतिध्वनीवरून पावसाचा अंदाज करणे शक्य झाले. भारतात कलकत्त्याजवळील दमदम विमानतळावर १९५४ मध्ये वादळशोधक रडार कार्यान्वित झाले. कालवैशाखी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंगालमधील उग्र वादळांमुळे ती जागा योग्य होती. चक्रीवादळांसाठीचे पहिले रडार १९७० मध्ये विशाखापटनम येथे आणि पहिले डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नई येथे बसविण्यात आले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तेव्हा या शहरासाठी डॉप्लर रडारची निकड तीव्रतेने जाणवली. पुढे कुलाबा येथे १० सेंमी. तरंगलांबीचे आणि २०२२ मध्ये अंधेरीनजीक वेरावली येथे सु. ५ सेंमी. तरंगलांबीचे डॉप्लर रडार सुरू झाले. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेने (स्थापना १९६२) मांढरदेव येथील डोंगरावरून ३ सेंमी. तरंगलांबीच्या रडारने पश्चिम घाटातील मेघांचा अभ्यास केला आहे.

कार्यतत्त्व : रडारच्या आकाशकातून सूक्ष्मतरंगांचे अतिशय अल्पकालिक स्पंद सु. १° रुंदीच्या शलाकेत बाहेर पडतात. थेंब, गारा वा हिमकण यांवरून तरंगांचे प्रकीर्णन होते व त्यांचा अल्पसा भाग आकाशकाकडे परततो. तरंगांचा वेग सेकंदास सु. ३ लक्ष किमी. असल्याने १६० किमी. अंतरावरील मेघाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सु. एक सहस्रांश भागात येऊन पोहोचतो. या कालावधीवरून अंतर, आकाशकाच्या रोखावरून दिशा आणि त्याच्या उन्नतांशावरून उंची मिळते. आकाशक एका उन्नतांशावर पूर्ण फेरी घेतो, मग किंचित वर उचलला जाऊन पुन्हा फिरतो. अशा फेऱ्यांचा एक संच साधारणतः १० मिनिटांत पुरा होतो आणि वातावरणाच्या त्या भागाचे त्रिमितीय चित्र तयार होते.

थेंब तरंगलांबीच्या मानाने फार लहान असताना प्रतिध्वनीची शक्ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे २ मिमी. व्यासाचा एक थेंब १ मिमी. व्यासाच्या ६४ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. वास्तविक त्यात पाणी केवळ आठ थेंबांइतकेच असते. रडार पाणी मोजीत नाही, तर मुख्यतः मोठे कण मोजते, ही गोष्ट विश्लेषकाने सदैव ध्यानात ठेवावी लागते. एक घनमीटर हवेतील सर्व थेंबांच्या व्यासांच्या सहाव्या घातांची बेरीज म्हणजे परावर्तकता गुणक होय. त्याची मूल्ये फार विस्तृत मर्यादेत बदलत असल्याने तो डीबीझेड या लॉगरिथमी एककात सांगतात. मार्शल व पामर यांच्या कार्यावर आधारलेल्या रूढ संबंधानुसार तासाला १ मिमी. पावसाची परावर्तकता सु. २३ डीबीझेड, १० मिमी. पावसाची सु. ३९ डीबीझेड व १०० मिमी. पावसाची सु. ५५ डीबीझेड येते. मात्र ५३-५५ डीबीझेडच्या पुढील प्रतिध्वनीत गारांचा वाटा असण्याचा संभव मोठा असतो. तेथे हाच संबंध लावला, तर पावसाचा आकडा अवास्तव फुगतो.

डॉप्लर रडार : प्रतिध्वनी देणारे कण आकाशकाकडे येत असल्यास परतलेल्या तरंगांची कंप्रता किंचित वाढते व दूर जात असल्यास घटते. हा परिणाम १८४२ मध्ये क्रिस्टिआन डॉप्लर यांनी दाखवून दिला. त्यावरून कणांचा, पर्यायाने वाऱ्याचा, रडारच्या रोखातील म्हणजे त्रिज्य वेग कळतो. रोखाला काटकोनात वाहणारा वारा रडारला दिसत नाही. तेथे वेग शून्य भासतो. या मोजमापास आणखी एक बंधन आहे. सेकंदाला ६०० स्पंद पाठविल्यास २५० किमी. पर्यंतचे अंतर निःसंदिग्धपणे कळते. परंतु १० सेंमी. तरंगलांबीला सेकंदास १५ मी. (ताशी ५४ किमी.) एवढाच वेग निःसंदिग्धपणे मोजता येतो. स्पंद १,००० केल्यास वेगाची मर्यादा सेकंदास २५ मी. (ताशी ९० किमी.) होते, पण अंतराची मर्यादा १५० किमी. वर येते. मर्यादेपलीकडील वेग उलट दिशेचा म्हणून पडद्यावर उमटतो. वादळी वाऱ्याच्या ऐन गाभ्यात भलत्याच दिशेचा रंग दिसल्यास तो प्रथम या दोषामुळे आहे काय, हे तपासावे लागते.

द्विध्रुवण रडार : आधुनिक रडारमधून आडव्या व उभ्या अशा दोन्ही प्रतलांत ध्रुवित झालेले तरंग पाठविले जातात. पावसाचा मोठा थेंब खाली येताना चपटा होतो, म्हणून त्याचा आडवा प्रतिध्वनी उभ्यापेक्षा प्रबळ असतो. गारा गिरक्या घेत पडत असल्याने त्यांचे दोन्ही प्रतिध्वनी जवळजवळ समान येतात. परावर्तकता ५५ डीबीझेडहून अधिक, पण दोन प्रतिध्वनींतील फरक शून्याजवळ, अशी जोडी आढळल्यास तेथे गारा आहेत असे अनुमान करतात. दोन्ही प्रतिध्वनींमधील सहसंबंध शुद्ध पावसात ०.९८ च्या आसपास वा अधिक असतो, गारा व पाऊस यांच्या मिश्रणात तो घटतो आणि कीटक, पक्षी वा धूळ यांच्या बाबतीत पुष्कळच कमी होतो.

विश्लेषणाचा क्रम : एका नमुना वादळाच्या आधारे हा क्रम स्पष्ट करता येईल. समजा, मे महिन्यातील एका दुपारी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवर ५ ते ६ किमी. उंचीवर २० डीबीझेडचा पहिला प्रतिध्वनी दिसला. या वेळी जमिनीवर थेंबही पडलेला नसतो. थेंब मेघाच्या मध्यभागी वाढत असतात. पाऊस जमिनीवर येण्यास अजून १० ते २० मिनिटांचा अवकाश असतो व तोच पहिला उपयुक्त अवधी होय.

दुसऱ्या संचात गाभा ४५ डीबीझेड आणि माथा १० किमी. वर गेला असे आढळले. आता प्रश्न माथ्यापेक्षाही प्रबळ प्रतिध्वनी किती उंच आहे, हा असतो. मे महिन्यात महाराष्ट्रावर गोठणपातळी समुद्रसपाटीपासून सु. ५ किमी. व उणे १०° से. ची पातळी सु. ६.५ किमी. उंचीवर असते. याच थंड थरात हिमस्फटिक व मऊ गारा परस्परांवर आपटून विद्युत्‌भारांचे विलगीकरण होते. सु. ४० डीबीझेडचा प्रतिध्वनी या थरात पोहोचला म्हणजे लवकरच विजा पडू लागतील असे समजतात.

तिसऱ्या संचात ४५ डीबीझेडची मर्यादा ७.५ किमी. पर्यंत चढली. स्वित्झर्लंडमधील १९७९ च्या अभ्यासातून निघालेल्या एका निकषानुसार ही मर्यादा गोठणपातळीच्या वर १.४ किमी. पेक्षा अधिक गेल्यास गारांची शक्यता धरतात. येथे ती अडीच किमी. वर गेली आहे. सु. २ सेंमी. व्यासाची गार हवेत तोलून धरण्यास सेकंदास २० मी. च्या आसपास ऊर्ध्वप्रवाह लागतो. तेव्हा असा प्रतिध्वनी हे प्रबळ ऊर्ध्वप्रवाहाचेही गमक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणपातळी मे महिन्यापेक्षा खाली असते. त्यामुळे गारांना उष्ण हवेतून कमी अंतर कापावे लागते व त्या न वितळता शेतापर्यंत पोहोचण्याचा संभव वाढतो.

चौथ्या संचात प्रबळ गाभा उंचीवरून झपाट्याने खाली उतरला, तर अधोप्रवाह कोसळू लागल्याची ती खूण असते. उन्हाळ्यात नाशिकच्या पठारावर मेघतळ बराच उंच असून खालची हवा कोरडी असते. पडणाऱ्या थेंबांचे बाष्पीभवन होऊन हवा थंड व जड होते आणि वेगाने खाली येते. त्यामुळे कधीकधी जमिनीवर मोजके टपोरे थेंब पडतात, पण वारा छपरे उडवितो. डॉप्लर चित्रात जमिनीलगत रडारकडे येणारा व दूर जाणारा वारा शेजारी-शेजारी दिसल्यास ते या अपसरणाचे चित्र असते. झोताग्र धूळ व कीटक यांमुळे वादळापुढे एका बारीक, फिकट रेषेच्या स्वरूपात उमटते. ही रेषा धनुष्यासारखी पुढे बाक घेत असेल, तर बाकाच्या टोकापाशी वारा सर्वाधिक असण्याची शक्यता असते.

अखेरीस लागोपाठच्या संचांतील गाभ्यांची स्थाने जोडून वादळाची गती काढतात. नमुना वादळ ताशी ३० किमी. वेगाने पूर्वेकडे सरकत असेल, तर त्र्यंबकेश्वराहून नाशिक गाठण्यास त्याला सु. ५५ मिनिटे आणि तेथून निफाडला जाण्यास आणखी तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. तथापि मूळ कोशिका तेवढा वेळ टिकेलच असे नाही. ओझरच्या आसपास झोताग्रावर नवी कोशिका उगवून निफाडास गणितापेक्षा लवकर पाऊस येऊ शकतो; किंवा झोताग्र फार पुढे धावल्यास वादळाचा पुरवठा तुटून निफाड कोरडेही राहू शकते. म्हणून केवळ गतीवर आधारलेला अंदाज तासाभरापुढे फारसा भरवशाचा नसतो.

अंतर, उंची व नाशिकचे स्थान : रडारची शलाका जवळजवळ सरळ जाते, पण पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे. वातावरणातील वक्रीभवन जमेस धरूनही शलाका अंतराबरोबर जमिनीपासून उंच उंच जाते. कुलाब्यापासून नाशिकचे सरळ अंतर सु. १६० किमी. आहे. आकाशकाचा उन्नतांश ०.५° असता शलाकेचा मध्य नाशिकवर समुद्रसपाटीपासून सु. २.९ किमी. उंचीवर येतो. नाशिक स्वतः सु. ६०० मी. उंचीवर असल्याने जमिनीपासून हे अंतर २.३ किमी. राहते. १° उन्नतांशाला शलाकेचा मध्य ४.३ किमी., २° ला ७.१ किमी. व ३° ला ९.९ किमी. उंचीवर असतो. तेथे शलाकेची रुंदी सु. २.८ किमी. झालेली असते, म्हणजे गारांचा एखादा संपूर्ण गाभा शलाकेच्या एका छेदात मावतो व त्याची तीव्रता आसपासच्या सौम्य भागाशी सरासरी होऊन कमी भासते. शिवाय वाटेत सह्याद्रीची रांग आहे. १०० किमी. अंतरावर ०.५° शलाकेचा मध्य सु. दीड किमी. उंचीवर असला, तरी तिची खालची कड सु. ६०० मी. वरच असते, ती डोंगरांवर अडून प्रतिध्वनी आणखी क्षीण होतो.

यातून निघणारे निष्कर्ष व्यवहारात महत्त्वाचे आहेत. मुंबईच्या रडारला नाशिकवरील वादळाचा मध्यभाग व माथा दिसतो, म्हणजे गारा व विजा यांची शक्यता जोखता येते. परंतु झोताग्र बहुधा जमिनीपासून १ किमी. च्या आतच असल्याने ते शलाकेखालून निघून जाते. सर्वांत नासधूस करणारा वारा अशा प्रकारे अदृश्य राहतो. तसेच मेघतळाजवळ मोजलेला पाऊस खाली येईपर्यंत आटत असल्याने उन्हाळ्यात पावसाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. वेरावलीहून नाशिक सु. १३७ किमी. म्हणजे काहीसे जवळ पडते. तथापि ५ सेंमी. तरंगांचे मुसळधार पावसात अधिक क्षीणन होते आणि एका वादळामागील दुसरे वादळ फिके दिसू शकते. म्हणून दोन तरंगलांबींची चित्रे ताडून पाहणे हितावह असते.

१३ मे २०२४ चे मुंबईतील वादळ : त्या दिवशी दुपारनंतर मुंबई व ठाणे परिसरात धुळीच्या लोटांसह गडगडाटी वादळ झाले. विमानवाहतूक काही काळ थांबवावी लागली. घाटकोपर येथे एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. निरीक्षणाच्या दृष्टीने हे उदाहरण नाशिकच्या नेमके उलट आहे. घाटकोपर कुलाब्यापासून २२-२३ किमी. वर असल्याने तेथे ०.५° शलाकेचा मध्य केवळ २३० मी. च्या आसपास असतो व झोताग्र रडारच्या दृष्टिटप्प्यात येते. मात्र इतक्या जवळ दुसरी अडचण असते : आकाशक सरळ वर पाहत नसल्याने रडारच्या डोक्यावर शंकूच्या आकाराचा न दिसणारा भाग राहतो आणि वादळाचा माथा त्यात लपतो. ही उणीव दुसऱ्या ठिकाणच्या रडारने भरून निघते. हे वादळ आणखी एक गोष्ट दर्शविते. झोताग्र रडारवर ओळखल्यापासून ते शहरावर येईपर्यंत हाती येणारा अवधी मिनिटांत मोजावा लागतो. त्या अवधीत माणसे आडोशाला जाऊ शकतात. फलक, मनोरा वा छप्पर यांची मजबुती मात्र आधीच पाहिलेली असावी लागते.

फसवे प्रतिध्वनी : पडद्यावरील प्रत्येक ठिपका पाऊस नसतो. डोंगर व उंच इमारती यांचे प्रतिध्वनी एकाच जागी स्थिर राहतात व त्यांचा डॉप्लर वेग शून्य असतो. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाल्यास शलाका खाली वाकून दूरच्या जमिनीचे प्रतिध्वनी आणते. पवनचक्क्यांची फिरती पाती वेगाचा आभास निर्माण करतात. वाय-फायसारख्या यंत्रणांच्या तरंगांमुळे ५ सेंमी. रडारच्या चित्रात सरळ त्रिज्य रेषा उमटतात. गोठणपातळीच्या किंचित खाली वितळणारे हिमकण पाण्याच्या आवरणामुळे मोठ्या थेंबांसारखे भासतात व एक तेजस्वी पट्टा दिसतो. हा पट्टा शांत, विस्तृत पावसाचे लक्षण असून त्यास गारांचा गाभा समजणे चूक ठरते.

उपयोग व मर्यादा : नाशिक जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे काढणीला आलेली असतात आणि मार्च ते मे या काळात उन्हाळ कांदा शेतात वा चाळीत असतो. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात झालेल्या गारपिटीने आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, झालेल्या गारपिटीने या पिकांची हानी किती अल्पावधीत होते, हे दाखविले. अर्ध्या तासाच्या इशाऱ्याने द्राक्षबाग वाचत नाही. पण उघड्यावरील कांदा झाकता येतो, बाजार आवारातील माल हलविता येतो, जनावरे गोठ्यात घेता येतात. सर्वांत मोठा लाभ मनुष्यहानी टाळण्याचा आहे. शेतात काम करणारी माणसे पाऊस आला म्हणजे झाडाखाली थांबतात आणि विजेला बळी पडतात. पहिला प्रतिध्वनी उणे १०° से. च्या थरात चढत असतानाच त्यांना पक्क्या घरात जाण्यास सांगणे शक्य असते. भारत हवामानशास्त्र विभाग येत्या तीन तासांपर्यंतचे तात्कालिक अंदाज प्रसृत करतो आणि उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अनुप्रयोग आसपासच्या विजांची सूचना देते.

रडारचे चित्र एकट्याने वाचणे मात्र पुरेसे नाही. गोठणपातळी ठरविण्यासाठी फुग्याबरोबर सोडलेल्या रेडिओसाँडची निरीक्षणे, मेघमाथ्याच्या तापमानासाठी इन्सॅट उपग्रहांची चित्रे, विजांचे स्थान दाखविणारे जाळे आणि जमिनीवरील स्वयंचलित केंद्रे यांची जोड त्यास द्यावी लागते. विशेषतः घाटामागील प्रदेशात, जेथे शलाका जमिनीपासून दोन-अडीच किमी. वरून जाते, तेथे खालच्या थरातील वाऱ्याची माहिती केवळ जमिनीवरील केंद्रे किंवा नजीक बसविलेले लहान पल्ल्याचे रडार यांकडूनच मिळू शकते. गार किती मोठी पडली, वारा कोणत्या दिशेने आला, पाऊस किती वेळ टिकला, या गावकऱ्यांनी केलेल्या साध्या नोंदींनाही म्हणून शास्त्रीय मोल आहे. रडारच्या अनुमानांची कसोटी अखेर त्यांच्यावरच लागते.